स्वतः लिहिलेला आरपीजी ऑनलाइन कसा खपवावा

माझा पहिला आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रं होऊन, फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ, मी एका शुक्रवारी सकाळी अकराला प्रसिद्ध केला आणि चहा घेऊन आकडे बघत बसलो. खेळ इंग्रजीत, ज्यांनी घ्यावा अशी अपेक्षा ते बहुतेक अमेरिकेतले, आणि तिथे त्या वेळी रात्रीचा दीड वाजलेला. ती मंडळी उठेपर्यंत माझा खेळ इच डॉट आयओ या खेळ विकायच्या संकेतस्थळावरच्या नव्या खेळांच्या यादीत चांगलाच खाली घसरला होता. आठवड्याने खरेदीदारांचे ईमेल पाहिले, तर निम्मे आमच्याच शनिवारच्या टेबलावरचे निघाले. उरलेले कुठून आले, याचा मला पत्ता नव्हता.

पुढे आणखी बऱ्याच चुका करून झाल्या. ज्यांचा टेबलटॉप आरपीजी लिहून झालाय, किंवा निदान दोन-चार वेळा खेळून पाहण्याइतका झालाय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. खेळ कसा लिहावा, यात शिरत नाही.

आधी घेणाऱ्याची पंचाईत समजून घ्या

कादंबरी घेणारा ती एकटा वाचतो. आरपीजी घेणाऱ्याला आणखी तीन माणसं गाठावी लागतात, त्यांच्या सुट्ट्या जुळवाव्या लागतात, आणि चालू कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी गोष्ट, बाजूला ठेवून 'एकदा हे करून बघू' असं त्यांच्याकडून वदवून घ्यावं लागतं. त्यातून बहुतेक टेबलांवर १९७४ सालापासून चालत आलेलं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ठाण मांडून बसलेलं असतं.

म्हणजे तुमच्या खेळाची जाहिरात दोनदा होते. पहिली तुम्ही त्याच्यापुढे करता. दुसरी तो आपल्या मित्रांपुढे करतो, आणि तेव्हा तुम्ही तिथे नसता. पहिली जमली आणि दुसरी फसली, तर तुमची पीडीएफ विकली जाते पण खेळली जात नाही. न खेळलेल्या खेळाबद्दल कुणी कुणाला सांगत नाही, मग विक्रीही तिथेच थांबते. पुढच्या बहुतेक पायऱ्या या दुसऱ्या जाहिरातीच्या तयारीसाठी आहेत.

एकट्याने खेळायचे खेळ, म्हणजे वही-पेन आणि पत्त्यांचा कॅट घेऊन बसायचं, ते या कटकटीतून सुटतात. नवख्या लेखकाचा एकट्याने खेळायचा छोटा खेळ कधी कधी त्याच्याच मोठ्या खेळापेक्षा जास्त चालतो, त्याचं मला तरी हेच कारण दिसतं. जमत असेल तर तुमच्या खेळात 'एकट्याने कसा खेळाल' असं एक पान घाला.

पायरी पहिली: एक वाक्य

समजा, तुमच्या खेळाचं नाव आहे 'शेवटची एसटी'. गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि गोष्ट पुढे नेणारा, तो इथे कंडक्टर, बाकीचे तीन-चार जण प्रवासी. पावसाळ्यातली रात्र, वरंधा घाट. आता वर्णन लिहायला बसलात की हात आपोआप असं लिहितो: 'कोकणी लोककथांवर आधारित, दोन फाशांचा, हलक्या नियमांचा, कथाप्रधान भयखेळ.' यात खोटं काही नाही, पण हे वाचून कुणी मित्राला फोन लावणार नाही.

आता हे बघा: 'घाटात पाऊस, रात्रीची शेवटची एसटी, आणि फाडलेल्या तिकिटांपेक्षा एक प्रवासी जास्त. तो कोण, हे पहाटेआधी शोधा.' यात खेळाडू कोण, कुठे आहेत, काय बिघडलंय आणि काय करायचंय, एवढं सगळं आलं. नियमांचा उल्लेखसुद्धा नाही. नियम दुसऱ्या ओळीत: किती खेळाडू, किती तास, कोणते फासे, आधी काय तयारी लागते. 'तीन ते पाच जण, एकच रात्र, दोन साधे फासे, गेम मास्टरला वीस मिनिटांची तयारी.' ही दुसरी ओळ बरेच जण गाळतात, आणि घेणाऱ्याला आपल्या गटाला सांगण्यासाठी नेमकी तीच लागते.

वाक्य जमलं की नाही, हे तपासायची माझी रीत सोपी आहे. एका मित्राला फोनवर ते सांगायचं. लिहून पाठवायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यालाच म्हणायचं, 'तो खेळ तिसऱ्या कुणाला तरी सांग, मी ऐकतो.' त्याच्या तोंडून जे येतं तेच तुमचं खरं वाक्य. जो शब्द त्याने गाळला तो तुम्हीही गाळा.

परदेशी वाचकासाठी लिहिताना 'एसटी'ची 'रात्रीची शेवटची बस' करायला हरकत नाही, पण घाट, कंडक्टरची शिट्टी आणि तिकिटाचं पंचिंग तसंच राहू द्या. लोक आपल्याकडचा खेळ घेतात तो त्यात काहीतरी वेगळं आहे म्हणूनच. प्रत्येक शब्दाला तळटीप द्यायला लागलात की खेळ शाळेच्या पुस्तकासारखा वाटायला लागतो.

पायरी दुसरी: मित्रांपुढे ठेवायचं एक पान

घेणाऱ्याच्या हातात पूर्ण पुस्तकाआधी एक फुकट पान द्या. कुठलीही अट नाही, ईमेलही मागायचा नाही. त्या पानावर ते एक वाक्य, नियमांचा गाभा पाच-सहा ओळींत, आणि तयार पात्रं. कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती भरायचा कागद, कोरी देऊ नका. 'निवृत्त शिक्षक, मुलाकडे मुंबईला निघालाय, पिशवीत कुलूप लावलेला डबा' असं एखादं पात्र तयार मिळालं की खेळाडू लगेच विचारतो, डब्यात काय आहे? तिथे खेळ सुरू झाला.

याच पानाचं फोनवर वाचता येईल असं उभं चित्रही करून ठेवा. गटाचं ठरतं ते व्हॉट्सअॅप किंवा डिस्कॉर्डवर, आणि तिथे लिंक उघडायचे कष्ट कुणी घेत नाही. चित्र मात्र दिसतंच.

पूर्ण खेळ फुकट द्यावा का, यावर आमच्यात कायम वाद होतात. 'माउसरिटर' या इवल्या उंदरांच्या खेळाची पीडीएफ 'हवे तेवढे द्या' या तत्त्वावर मिळते, आणि छापील पेटी पैसे मोजून घ्यावी लागते. दोन्ही चालतात. पण त्यामागे देखणं छापील पुस्तक आणि सुबक चित्रं आहेत. तुमच्याकडे फक्त पीडीएफ असेल, तर सगळं फुकट देऊन हातात विकायला काही उरत नाही. एक पान फुकट आणि पुस्तकाला किंमत, हा मला मधला रस्ता वाटतो.

पायरी तिसरी: दुकान मांडणं

दोन जागा महत्त्वाच्या आहेत. इच डॉट आयओ २०१३ मध्ये सुरू झालं. मुळात ते संगणकाच्या खेळांसाठी होतं, पण छोट्या आरपीजीवाल्यांनी तिथे मोठं बिऱ्हाड थाटलंय. विक्रीतला किती हिस्सा त्यांना द्यायचा, हे तिथे तुम्हीच ठरवता. आधीपासून भरलेला आकडा १० टक्के असतो, तो तुम्ही शून्यही करू शकता. ड्राइव्हथ्रूआरपीजी हे निव्वळ आरपीजीचं जुनं दुकान. तिथे फक्त त्यांच्याकडेच विकायचं कबूल केलंत तर तुम्हाला ७० टक्के मिळतात, इतरत्रही विकलंत तर ६५. या पाच टक्क्यांसाठी बांधून घेऊ नका. दोन्हीकडे मांडा.

फरक गिऱ्हाइकाचा आहे. ड्राइव्हथ्रूवर येणारा काय हवंय ते ठरवून येतो, आणि बहुतेकदा त्याला ओळखीच्या नियमांवरचं साहस हवं असतं. इचवर लोक हिंडायला येतात, विचित्र आणि छोटं काही दिसलं तर उचलतात. 'शेवटची एसटी' आधी इचवर मांडावी.

इचच्या पानावर सगळ्यात जास्त वेळ मुखचित्रावर घालवा. शिफारस केलेलं माप ६३० बाय ५०० पिक्सेल आहे, पण यादीत ते टिकल्यांएवढं दिसतं. म्हणून चित्र तयार झालं की फोनवर अंगठ्याएवढं करून बघा. खेळाचं नाव वाचता आलं पाहिजे. नाव वाचता येत नसेल तर चित्र कितीही सुंदर असो, ते चुकलं. पान भरताना खेळाचा प्रकार 'फिजिकल गेम' निवडा, नाहीतर तुम्ही व्हिडिओ गेमच्या गर्दीत हरवाल. टॅग दहापर्यंत देता येतात. 'टीटीआरपीजी' (टेबलटॉप आरपीजी) हवाच, पण 'हॉरर', 'वन-शॉट' (एका बैठकीत संपणारा), 'सोलो' असे माणसं खरोखर शोधतात ते शब्दही द्या. स्वतः घडवलेल्या कल्पक टॅगवर कुणी येत नाही.

आतल्या पानांचे तीन-चार फोटो द्या, आणि त्यातलं एक पान नियमांचं असू द्या. मुखपृष्ठ सगळ्यांचं छान असतं. आत मांडणी वाचण्यासारखी आहे का, हे घेणाऱ्याला बघायचं असतं. शक्य असेल तर एक फोटो खऱ्या टेबलाचा टाका: फासे, शेंगदाणे, चहाचे कप, खोडलेली कॅरेक्टर शीट. असा फोटो चित्रकाराच्या चित्राइतकंच काम करतो.

चित्रांवरून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे ही चूक अजाणता होते. एआयने काढलेलं मुखचित्र लावू नका. या वर्तुळात चित्रकार आणि लेखक एकमेकांना ओळखतात, आणि अशा चित्राबद्दल मनापासून चीड आहे. एनीज हे या क्षेत्रातले नावाजलेले पुरस्कार. त्यांनी २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२५-२६ च्या फेरीपासून जनरेटिव्ह एआय वापरलेली उत्पादनं घेणार नाहीत. पैसे नसतील तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून त्यांच्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींची चित्रं कुणालाही वापरायला खुली केली आहेत, ती चाळा. किंवा घाटात जाऊन स्वतः एक फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. भयखेळाला धुकं आणि बसचे दोन दिवे पुरतात.

इचवरची 'कम्युनिटी कॉपीज' ही पद्धत बाहेरच्यांना माहीत नसते. विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे एक फुकट प्रत बाजूला ठेवायची, ज्याला परवडत नाही त्याने ती निमूट घ्यायची. यामुळे विक्री घटते असं मला दिसलं नाही. उलट या प्रती घेणारेच खेळल्यावर दोन ओळी लिहून जातात.

पायरी चौथी: पैसे घरी येण्याची सोय

हे लाँचच्या आधी करा, नंतर नाही. पेपाल ही ऑनलाइन पैसे देण्या-घेण्याची सेवा भारतात देशांतर्गत व्यवहार करत नाही, ते १ एप्रिल २०२१ पासून बंद झालं. परदेशातून पैसे मात्र येतात. इचवर दोन रीती आहेत: पैसे थेट तुमच्या खात्यात, किंवा आधी इचकडे जमा होऊन मागाहून तुम्हाला. दुसरी निवडलीत तर अमेरिकी करासाठीचा एक फॉर्म भरावा लागतो. तो नीट भरा, पॅन क्रमांक हाताशी ठेवा. नाहीतर अमेरिकी खरेदीदारांच्या रकमेतून जास्तीचा कर कापला जाऊ शकतो. मिळालेली रक्कम भारतातल्या उत्पन्नात दाखवायचीच आहे. जीएसटीचं काय, ते एकदा सीएला विचारा. त्याला आरपीजी म्हणजे काय हे समजावताना तुमच्या एका वाक्याची आणखी एक परीक्षा होईल.

किंमत ठरवताना पेमेंट कंपन्या प्रत्येक व्यवहारामागे टक्क्यांखेरीज ठराविक सेंट कापतात, हे लक्षात घ्या. एक-दोन डॉलरच्या खेळात त्यातच बराच भाग जातो. वीस-तीस पानांच्या नेटक्या पीडीएफला पाच-सहा डॉलर लावायला लाजू नका. आपण डॉलरचे रुपये करून 'एवढे कोण देईल' म्हणत बसतो. देणारा मात्र कॉफीच्या कपाशी तुलना करत असतो.

पायरी पाचवी: स्वतःची यादी

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे, आणि हीच मी सगळ्यात उशिरा शिकलो.

जुन्या धाटणीचे खेळ लिहिणाऱ्यांची एक अख्खी पिढी गूगल प्लसवर जमली होती. तिथे नियमांवर वाद झाले, साहसं लिहिली गेली, माणसांच्या ओळखी झाल्या. २ एप्रिल २०१९ ला गूगलने ते सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद केलं आणि सगळी वस्ती एका दिवसात उठली. मग अनेकांनी ट्विटरवर संसार मांडला. २०२३ मध्ये त्याचं एक्स झालं आणि त्याच्या आगेमागे निम्मे लोक ब्लूस्कायकडे किंवा इतरत्र पांगले. इचवरही जुलै २०२५ मध्ये पेमेंट कंपन्यांच्या दबावापायी प्रौढांसाठीचे खेळ एका झटक्यात शोधातून काढले गेले. त्यात कुणाची चूक, हा वेगळा विषय. पण भाड्याच्या जागेत घरमालकाची मर्जी चालते, एवढं त्यातून कळतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून ईमेलची यादी सुरू करा. पीडीएफच्या शेवटच्या पानावर, फुकट पानाच्या तळाशी, सगळीकडे एक ओळ: 'पुढचा खेळ आला की कळवू.' महिन्याला एकच पत्र पाठवा, आणि पत्रात काहीतरी खेळण्याजोगं द्या. 'शेवटची एसटी'च्या वाचकाला दर महिन्याला एक नवा थांबा पाठवता येईल: महाडच्या अलीकडचं बंद पडलेलं कॅन्टीन, तिथे काय होतं, सहा शक्यता. हे पत्र कुणी उघडल्याशिवाय ठेवत नाही. 'आमच्या खेळाला भरभरून प्रतिसाद मिळतोय' असली पत्रं मात्र मीसुद्धा न वाचता पुसतो. लोकांना त्यांच्या परवानगीशिवाय यादीत टाकायचं नाही, हे सांगायला नकोच.

शंभर ईमेल जमले तरी ते हजार फॉलोअरांपेक्षा भारी पडतात, असं माझं मत आहे. आकडेवारी मागू नका, अनुभव आहे.

पायरी सहावी: माणसांत मिसळणं

नवख्याला सगळ्यात उपयोगी पडतो तो गेम जॅम. इचवर वर्षभर जॅम चालू असतात: विषय आणि मुदत दिलेली असते, कुणीही खेळ लिहून जोडायचा. एका पानाच्या खेळांचा जॅम दरवर्षी होतो. जॅममध्ये लोक इतरांचे खेळ वाचायलाच आलेले असतात, त्यामुळे तिथे स्वतःबद्दल बोलणं आगाऊपणाचं ठरत नाही. तिथली रीत मात्र पाळा. आपला खेळ टाकून पळून जाऊ नका. निदान दहा खेळ वाचा आणि प्रत्येकाखाली एक नेमकी गोष्ट लिहा. 'छान आहे' लिहिलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. 'तुमच्या नियमात मेणबत्ती विझली की खेळाडू कुजबुजत बोलतात, ते आम्ही काल केलं आणि शेजारच्या खोलीतून आई विचारायला आली' असं लिहिलंत, तर तो लेखक तुमचा खेळ उघडणारच.

जॅमसाठी मोठा खेळ देऊ नका. मोठ्या खेळाची एक फांदी द्या. एसटीतला एकच थांबा, एका पानात, आणि तळाशी मूळ खेळाचं नाव.

रेडिटवर उलटं आहे. तिथल्या प्रत्येक विभागाचे जाहिरातीबाबत स्वतःचे नियम आहेत, ते आधी वाचा. फक्त जाहिरातीपुरतं उगवलेलं खातं लोक चटकन ओळखतात. तिथे दोन-तीन महिने नुसती उत्तरं द्या. कुणी विचारतं, 'एका रात्रीत संपणारा भयखेळ सुचवा.' त्याला चार खेळ सांगा, तीन दुसऱ्यांचे आणि चौथा स्वतःचा, आणि 'हा माझा आहे' हे उघड सांगा. तीन दुसऱ्यांचे मनापासून सांगता येत नसतील, तर तुम्ही या क्षेत्रातलं पुरेसं वाचलेलं नाही. तेव्हा जाहिरात थोडी लांबवा आणि वाचा.

डिस्कॉर्डवर बहुतेक गटांत जाहिरातीसाठी वेगळी खोली असते. तिथे टाकलेलं कुणी फारसं वाचत नाही. गट खरा कामाला येतो तो माणसं जमवून खेळ चालवताना. भारतातून अमेरिकेतल्या लोकांसाठी खेळ चालवायचा तर शनिवारी सकाळी साडेसातची वेळ सोयीची पडते. तिकडे पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात शुक्रवारची रात्र, दहा वाजलेले. मी अशी चार-पाच सेशन चालवली, डोळे चोळत. प्रत्येक सेशनमधून एखादा माणूस असा निघाला ज्याने पुढे स्वतःच्या गटात तोच खेळ चालवला. जाहिरात म्हणून हा हिशोब फार संथ वाटेल, पण माझ्या पाहण्यातला हाच सगळ्यात पक्का.

पायरी सातवी: परीक्षक आणि रेकॉर्डिंग

'क्रिटिकल रोल' हा अभिनेत्यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळण्याचा ऑनलाइन कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला तेव्हापासून लोकांना खेळ बघायची सवय लागली. पण म्हणून तीन तासांचा व्हिडिओ करू नका. तुमच्या टेबलावर अभिनेते बसलेले नाहीत, आणि तीन तास अनोळखी माणसांचं बोलणं ऐकायला वेळ नसतो. त्याऐवजी दोन मिनिटांचा तुकडा काढा: एक निर्णय, एक फाशांचा आवाज, आणि त्यानंतरची शांतता. किंवा एका सेशनचा पानभर वृत्तान्त लिहा, ज्यात कुठला नियम कुठे कामाला आला ते दिसेल. तो वाचून गेम मास्टरला कळतं की 'हे मी चालवू शकतो.'

परीक्षण करणाऱ्यांना पत्र लिहिताना आधी त्यांची निदान तीन परीक्षणं बघा. यूट्यूबवरच्या 'क्वेस्टिंग बीस्ट'ला जुन्या धाटणीची पुस्तकं आवडतात, त्यांना एकमेकांना पत्रं लिहीत खेळायचा भावनाप्रधान खेळ पाठवण्यात अर्थ नाही. पत्र सहा ओळींचं: एक वाक्य, दुसरी ओळ, त्यांनाच का पाठवताय, आणि पूर्ण पीडीएफची लिंक. 'मागितल्यास पाठवू' असं लिहू नका, तेवढा वेळ त्यांच्याकडे नसतो. सोबत मुखपृष्ठ, आतली तीन पानं, पन्नास आणि दीडशे शब्दांची वर्णनं, किंमत, असं सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. दहा जणांना लिहिलंत तर आठ उत्तर देणार नाहीत, असं धरून चाला. एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको.

पायरी आठवी: लाँचचा दिवस

आता शुक्रवार सकाळच्या चुकीकडे येतो. भारतात रात्री साडेनऊ वाजतात तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारचे बारा आणि हिवाळ्यात सकाळचे अकरा असतात, आणि युरोपात संध्याकाळ. म्हणजे मंगळवार ते गुरुवारमधली एखादी रात्र, जेवण उरकून, साडेनऊला. इचवर नव्या खात्याचं पहिलं विकाऊ पान शोधात दिसायला कधी कधी वेळ लागतो. म्हणून ते फुकट पान दोन-तीन आठवडे आधी टाकून खातं रुळवून घ्या.

त्या रात्री करायचं फारसं नसतं. यादीला पत्र, दोन-तीन ठिकाणी एक-एक पोस्ट, आणि ज्यांनी प्लेटेस्ट केलं, म्हणजे खेळ आधीच खेळून तपासला, त्यांना व्यक्तिगत निरोप. निरोपात 'शेअर करा' म्हणण्यापेक्षा 'तुझ्या त्या सेशनमधला अमुक प्रसंग दोन ओळींत लिहिशील का' असं विचारा. लोकांना जाहिरात करायला आवडत नाही, आठवण सांगायला आवडते.

किकस्टार्टर, म्हणजे प्रकल्पासाठी लोकांकडून आगाऊ पैसे जमवायचं संकेतस्थळ, त्याबद्दल सगळे विचारतात, म्हणून थोडक्यात. तिथे २०१९ पासून 'झीन क्वेस्ट' नावाचा छोट्या पुस्तिकांचा उपक्रम चालतो आणि त्यातून कित्येक नवे लेखक पुढे आले. पण प्रकल्प उभा करायला ज्या देशांतल्या रहिवाशांना परवानगी आहे त्यांत भारत नाही. परदेशातल्या नातेवाइकाच्या नावाने करायचा मोह होईल. तसं केलंत तर पैसा, कर आणि जबाबदारी त्याच्या नावावर जाते, आणि उशीर झाला की शिव्याही त्याला. परदेशी प्रकाशकाशी करार करणं बरं. नाहीतर इचवरच एक जुगाड चालतो, त्याला लोक 'इचफंडिंग' म्हणतात: अर्धा झालेला खेळ कमी किमतीत विकायला काढायचा, लक्ष्य रकमेची पट्टी लावायची, आणि खेळ जसजसा पुरा होईल तशी किंमत वाढवायची. आधी घेणाऱ्यांना पुढच्या आवृत्त्या फुकट.

छापील प्रती इथून परदेशी पाठवायच्या भानगडीत पडू नका, टपालखर्च पुस्तकाच्या किमतीला गिळतो. ड्राइव्हथ्रूवर मागणीनुसार छपाईची सोय आहे. आधी एक नमुना प्रत मागवून तुम्हाला ती पसंत करावी लागते, मग विक्री सुरू.

मराठीत खेळ असेल तर

बाजार छोटा आहे, हे मान्य करूनच उतरा. इथे दुकानाच्या आधी गाडी अडते ती 'आरपीजी म्हणजे काय' या प्रश्नावर. त्याला मी डंजन आणि ड्रॅगनने उत्तर देत नाही. सिंधुदुर्गातला दशावतार बघितलेल्या माणसाला सांगतो: तिथे संहिता लिहिलेली नसते, आख्यान ठरतं आणि नट संवाद रंगमंचावरच रचतात. आपण तेच करतो, फक्त टेबलाभोवती बसून, आणि राक्षसाचं काय होणार हे फासे ठरवतात. समोरच्याचा चेहरा लगेच उजळतो. मालवणात तर मला उलट शिकवणी मिळाली.

मराठी पीडीएफ करताना मजकूर युनिकोडमध्येच ठेवा, जुन्या फॉन्टमधला मजकूर शोधता येत नाही आणि फोनवर कॉपी केला की कचरा होतो. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बालू हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, दोन्ही फोनवर छान वाचता येतात. प्रचार व्हॉट्सअॅपवर आणि प्रत्यक्ष टेबलावर. एखाद्या बोर्ड गेम कॅफेत रविवारी दुपारी दोन तासांचा खेळ चालवा आणि ते एक पान छापून टेबलावर ठेवा. लोक ते घरी नेतात.

लाँचनंतर

पहिल्या आठवड्यानंतर आलेख जमिनीला टेकतो. सगळ्यांचा टेकतो. इचच्या आकडेवारीत दोन गोष्टी बघा: माणसं कुठून आली, आणि यादीत चित्र दिसल्यावर किती जणांनी ते उघडलं. उघडणारे कमी असतील तर मुखचित्र बदला. उघडून न घेणारे जास्त असतील तर वर्णन किंवा किंमत तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

बंडलमध्ये, म्हणजे अनेकांचे खेळ एकत्र स्वस्तात विकायच्या गठ्ठ्यात, बोलावलं तर जा, पण अपेक्षा बेताची ठेवा. जून २०२० मधलं इचवरचं वंशभेदविरोधी बंडल सर्वांना आठवत असेल: किमान पाच डॉलर, खेळ आणि इतर साहित्य धरून दीड हजारांहून जास्त गोष्टी, आणि मदतनिधीला ८० लाख डॉलरहून अधिक. कारण चांगलं होतं, मी स्वतः ते घेतलं. त्यातले किती खेळ मी उघडले, ते विचारू नका. बंडलमुळे खेळ लोकांच्या घरी पोचतो, टेबलावर पोचवायचं काम तरीही उरतंच.

टेबलावर पोचवायचा एक चांगला मार्ग म्हणजे इतरांना त्यात भर घालू देणं. जानेवारी २०२३ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या जुन्या खुल्या परवान्यात बदल करण्याचा मसुदा फुटला, एवढा गदारोळ झाला की महिनाअखेरीला कंपनीला मूळ नियमावली क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे श्रेय देऊन कुणालाही वापरता येईल अशी, कायमची खुली करावी लागली. तेव्हापासून खेळाखाली कुठला परवाना आहे हे लोक निरखून बघतात. तुमच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला करा, आणि कोण काय करू शकतो ते पाच साध्या वाक्यांत लिहा. मग पेरूतला कुणी अँडीज पर्वतातल्या बसचा खेळ लिहील, त्याच्या पहिल्या पानावर तुमच्या खेळाचं नाव असेल. तसं काही दिसलं की त्याच दिवशी तो खेळ विकत घ्या, खेळा, आणि तुमच्या पुढच्या महिन्याच्या पत्रात तुमच्या नव्या थांब्याच्या वर त्याची लिंक द्या.